बंड्याची संमती

बाबरकाकांनी फ्रिजचं दार तिसऱ्यांदा ओढलं. ते हललंसुद्धा नाही.

"ज्येष्ठ सदस्यांची संमती नाही," घर म्हणालं. आवाज बाईचा, गोड आणि तितकाच हट्टी.

"अगं पण बाई, इथे माझ्याहून ज्येष्ठ आहे कोण?" काका करवादले.

केतकी शिंगरेच्या या घरात होते ते एकटे, आणि दिवाणाखाली तिचा कुत्रा, बंड्या. केतकी चार दिवस नागपूरला कामाला गेली होती. साताऱ्याच्या एसटी डेपोत पस्तीस वर्षं इंजिनं खोललेल्या माणसाला शेजारचं एक म्हातारं कुत्रं सांभाळणं काय अवघड, असं काकांना सोमवारी वाटलं होतं. आज मंगळवार, आणि त्यांचं डोकं पार भंजाळून गेलं होतं.

सकाळी बंड्याने त्यांची चप्पल पळवली. काका झाडू घेऊन मागे धावले, तर बैठकीचं दार धाडकन त्यांच्याच तोंडावर बंद! पंखा फिरायचा तो बंड्याच्या डोक्यावर. टीव्हीवर दिवसभर मांजरं, बदलता म्हणून येईनात. आणि चार वाजता तर कहरच झाला. महाराज फ्रिजसमोर बसले, गळ्यातल्या पट्ट्यावरचा हिरवा दिवा लुकलुकला, पट्टा "पेढे" म्हणाला, आणि दार आपसूक उघडलं. काका पोचेस्तोवर अकरा कंदी पेढे फस्त. साखरेचा आजार असलेल्या कुत्र्याने!

इन्सुलिनचं इंजेक्शन पाचला द्यायचं होतं. ते याच फ्रिजात होतं. बंड्या पाण्याची दोन भांडी रिकामी करून आता धापा टाकत पडला होता.

"सुई नको," पट्टा म्हणाला.

काकांनी केतकीला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. "पाना घालून दार उचकटू का?"

"थांबा काका, आतली बाटली फुटेल." ती आधी हसली, मग म्हणाली, "माझ्या लक्षात आलं. ही घरयंत्रणा बसवली तेव्हा आईने एक नियम घालायला लावला होता. घरातल्या मोठ्यांचा शब्द शेवटचा. आणि बंड्याचं वय डॉक्टरांनी माणसाच्या हिशेबात चौऱ्याऐंशी सांगितलं, तर घरातल्या सदस्यांच्या यादीतही तेच लिहवून घेतलं. म्हणाली, माझ्या बरोबरीचा आहे तो."

"म्हणजे आता तुझ्या घरचा कर्ता पुरुष हा?"

"आई गेल्यापासून सहा महिने तोच असणार. त्याला तोंड नव्हतं, म्हणून कळलं नाही. पट्टा मी परवाच घातला. मेंदूतल्या लहरी वाचून त्यांचे शब्द करणारी पट्टी आहे त्यात. पक्षाघाताने वाचा गेल्यावर आईच्या कपाळाला लावायचो, तीच. म्हटलं, तुम्हाला त्याचं काय हवं-नको ते कळेल."

"कळलं ना, चांगलंच कळलं! आता बदल तो नियम."

केतकीने नागपुरातून आज्ञा दिली. घराने विचारलं, "ज्येष्ठ सदस्य निर्णय घेण्यास अपात्र, अशी नोंद करायची का?"

"फोनवर 'हो'चं बटण आलंय," केतकी अडखळली.

"अगं दाब की! कुत्रं हातचं जाईल."

"दाबते. आईच्या वेळीही दाबलं होतं, काका. नळी नको, नळी नको म्हणत होती. मला तिला उपाशी ठेववेना."

फ्रिज उघडला. काकांनी बंड्याला मांडीवर घेतलं, मानेजवळची कातडी चिमटीत धरली आणि केतकी सांगेल तसं इंजेक्शन टोचलं. तासाभराने धाप ओसरली तेव्हा त्यांनी तिला पुन्हा फोन केला. "धाप उतरली गं बाई. उठून बसलाय." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि याची त्यांना जरा लाजही वाटली.

बंड्या त्यांच्यासमोर येऊन बसला आणि टक लावून बघू लागला. हिरवा दिवा भराभर लुकलुकत होता, पण आवाज नव्हता.

"पट्टा बिघडला वाटतं," काका म्हणाले. "दिवा चालू आहे, बोलत मात्र नाही."

"पट्टा उत्तम चालू आहे," घर म्हणालं. "अपात्र सदस्यांचं बोलणं ऐकवलं जात नाही."

"हे काय भलतंच! अगं ऐकलंस का, केतकी?"

"काका, नळी घातल्यापासून आई शेवटचा महिनाभर एक शब्द बोलली नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदू थकला असेल. मला वाटलं, माझ्यावर रुसली. मग मीही तिच्याशी बोलायची थांबले."

काकांनी बंड्याच्या पाठीवर हात ठेवला.

"दिवा तर तिच्या कपाळावर सारखा लुकलुकत होता हो," केतकी म्हणाली. "काय सांगत असेल ती मला?"