बाहुलीघराची चौथी खोली

धाकट्या मुलीचं लग्न झालं, घरातले पाहुणे पांगले न पांगले तोच माझ्या बायकोची उजवी बाजू गेली, त्या वर्षाची ही गोष्ट. वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, बोलतील, चालतील, धीर धरा. आम्ही धीर धरला.

मी गवंडी. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधली आणि हात थकल्यावर मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहायला आलो. अक्षरं मला नातीने शिकवली, तिच्या पहिलीच्या पुस्तकावरून. त्याआधी मला फक्त भिंती वाचता यायच्या. ही फुशारकी नाही. एका भिंतीवर चार गवंडी लागलेले असले तरी कुठला भाग कुणाच्या हातचा ते आम्हाला नुसतं बघून कळतं, जसं तुम्हाला अक्षरावरून माणूस कळतो.

बायको माझ्याच कामावर असायची. भिंत झाली की तिला पाणी मारावं लागतं, नाहीतर ती तडकते. ते काम तिचं. डाव्या कडेवर डबा घ्यायचा आणि उजव्या हाताने ओंजळ ओंजळ पाणी भिंतीवर फेकायचं. मी थापीच्या दांड्याने भिंत ठोकून बघायचो. ओल्या भिंतीचा आवाज दबका येतो, वाळली की खणखणीत. आवाज मनासारखा आला की मी म्हणायचो, "पुरे." मग ती डबा पालथा घालायची. त्यानंतर त्या घरात लोक राहायला यायचे आणि आम्ही आमचं बोचकं उचलून पुढच्या कामावर जायचो. तिची भांडी त्या बोचक्यात असायची. "माझी भांडी एकदा फळीवर लागू देत," हे ती इतक्या वेळा म्हणाली की नंतर मी ऐकायचंच सोडलं. मुलाकडे आलो तर स्वयंपाकघर सुनेचं. भांडी पोत्यात बांधून माळ्यावर गेली.

धाकटी आईला बघायला आली तेव्हा भाचीसाठी एक खोकं घेऊन आली. जोडायच्या विटांचं बाहुलीघर. नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या विटा, वर गोल गुंड्या. एक वीट दुसरीवर दाबली की टक करून बसते. ना माल, ना पाणी.

"आबा, तुम्ही मदत करा. तुम्हाला येतं ना घर बांधायला?" नात म्हणाली.

"येतं. पण भिंत सरळ बघायला ओळंबा कुठाय?"

"ओळंबा नाही लागत. चित्रात बघायचं आणि तसंच लावायचं. आपलं डोकं नाही चालवायचं."

"मग हे साहेब लोकांचं काम आहे. आपल्याला जमायचं नाही."

सून आतून हसली. बायकोच्या आजारपणानंतर घरात ते पहिलंच हसू असावं.

पुढच्या खोलीत खिडकीशी एक बुटकं टेबल आहे. त्यावर वर्तमानपत्र पसरून आम्ही घर उभं केलं. खाली दोन खोल्या, वर एक. पांढऱ्या भिंती, छपराला गडद तपकिरी विटा. मागची बाजू उघडी, म्हणजे पोरांना आत हात घालता येतो. सगळं झालं, पण दार निघालं नाही. खोकं झटकून पाहिलं, पलंगाखाली शोधलं. नातीने आत्याला फोन लावला.

"आत्या, तू दार पाठवलंच नाहीस."

"मग काय मी वाटेत खाल्लं?"

घर बिनदाराचंच राहिलं. इथे एक सांगून ठेवतो. माझी बायको आतल्या खोलीत पलंगावर होती. तिथून ते टेबल दिसत नाही. कुणी हात लावल्याशिवाय ती कूससुद्धा बदलू शकत नव्हती.

थोड्या दिवसांनी, सकाळी चहा घेताना मला दिसलं की घराच्या बाजूला, पायाच्या मोकळ्या पट्टीवर, एक नवी भिंत सुरू झाली आहे. फार नाही, दोन थर. विटा पिशवीत उरलेल्यांपैकी होत्या. मला वाटलं, नातीने केलं. शाळेतून आली ती माझ्यावरच चिडली.

"तुम्ही माझ्याशिवाय खेळता!"

"मी कशाला खेळू? तूच केलंयस."

"चित्रात नाहीये ही खोली. मी नाही असं करत."

आम्ही दोघं एकमेकांना खोटारडं ठरवून मोकळे झालो. भिंत रोज वाढत होती. नातीने विचारणं सोडलं आणि आबांना लहान मुलासारखं खेळायची हौस आहे आणि कबूल करायला लाज वाटते, असं आईला सांगून टाकलं.

तिसरा थर चढला त्या सकाळी मी चष्मा लावून खाली बसलो आणि भिंत नीट वाचली.

सुरुवात डाव्या कोपऱ्यातून होती, अर्ध्या विटेने. आम्ही सगळे उजवीकडून धरतो. आणि तिसऱ्या थरात, पांढऱ्या विटांत, एकच तपकिरी वीट होती.

हा हात मला माहीत होता. बायकोचा थोरला भाऊ, माझा मेव्हणा. डावखुरा, म्हणून सगळे त्याला डावरा म्हणायचे. मला थापी धरायला त्याने शिकवलं. बांधेल त्या प्रत्येक भिंतीच्या तिसऱ्या थरात तो भट्टीत जास्त भाजलेली एक काळपट वीट घालायचा. मालक ओरडायचे. तो म्हणायचा, "सही आहे माझी. अंगठ्यापेक्षा बरी." बहिणीला तो नेहमी सांगायचा, "तुझं घर मीच बांधणार, ह्याच्याच्याने व्हायचं नाही." ती म्हणायची, "दादा, मी जिवंत आहे तोवर बांध म्हणजे झालं." डावरा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्याच्या सहीबद्दल नातीला, सुनेला, मुलालाही काही माहीत नव्हतं. आमच्या घरात ते मी आणि बायको दोघांनाच ठाऊक होतं.

मी चष्मा काढून खिशात ठेवला.

मग टेबलावरचं वर्तमानपत्र भिजायला लागलं. सुनेने नातीला दोनदा रागे भरलं. "पाण्याचा पेला तिथे ठेवू नकोस म्हणून सांगितलं ना?" पोरगी रडून सांगत होती की ठेवला नाही. मी जवळ जाऊन वास घेतला. ओल्या चुन्याचा वास. प्लॅस्टिकच्या विटांना तो येत नाही. बोट लावलं तर बाकीचं घर कोरडं आणि ही एक भिंत गार, घामेजलेली. नखाने ठोकली. दबका आवाज आला. दोन विटा वेगळ्या करून पाहाव्यात म्हणून जोर लावला, नख मोडलं, पण विटा सुटल्या नाहीत.

त्याच आठवड्यात व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी सुनेला हाक मारली.

"ह्यांचा हात कशात भिजवून ठेवता का हो?"

"नाही. का?"

"बघा ना."

बायकोच्या उजव्या हाताची बोटं पांढरी पडली होती. कातडीला सुरकुत्या आलेल्या, दिवसभर पाण्यात काम केल्यावर येतात तशा. जो हात हलत नव्हता, तोच. डावा हात कोरडा.

"घाम असेल," बाई म्हणाल्या आणि पावडर लावून गेल्या.

मी तो हात माझ्या हातात घेतला. असा हात मी संसारातली कितीतरी वर्षं रोज संध्याकाळी पाहिला होता. बायको माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. दमलेली दिसत होती, कामावरून आल्यासारखी.

खोली पुरी झाली. चारही बाजूंनी बंद, वर छप्पर. खिडकी नाही, दार नाही. बाकीच्या घराची मागची बाजू उघडी, हिची नाही. नात म्हणाली, "ह्यात हातच जात नाही. मग खेळायचं कसं?"

मी म्हणालो, "ती खेळायची नसेल."

काही दिवसांनी मी ठोकून पाहिलं. आवाज बदलत होता. भिंत वाळायला लागली होती. वाळल्यावर काय होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यासाठीच तर आम्ही आयुष्यभर भिंती बांधल्या. वाळली की राहायला येतात.

माळ्यावरून पोतं काढलं. त्यात तिचा पाणी मारायचा डबा होता, कडेला पोचा आलेला. त्यात पाणी घेतलं आणि सकाळ-संध्याकाळ त्या खोलीवर मारायला लागलो. भिंत पाणी प्यायची. प्लॅस्टिक पाणी पीत नाही, पण ती प्यायची.

सून दारात उभी राहून बघायची. "बाबा, त्याला काय कोंब फुटणार आहेत का?"

"फुटले तर सांगतो तुला."

तिने नवऱ्याला सांगितलं. मुलगा रात्री जेवताना माझ्याशी जरा जास्तच प्रेमाने बोलला. त्यावरून समजलो की माझं डोकं फिरल्याचं दोघांचं ठरलं आहे. मला त्याचं काही वाटलं नाही. भिंत ओली होती आणि बायको होती. एवढं मला पुरत होतं.

पण ती खोकायला लागली. अंथरूण बदललं की तासाभरात दमट. पांघरुणाला ओल्या चुन्याचा वास, तो फक्त मलाच यायचा. ओठ निळसर, अंगात हुडहुडी. डॉक्टरांनी नळी लावून छाती ऐकली. "छातीत पाणी साचतंय," ते म्हणाले. "कुठून येतंय कळत नाही." औषधं बदलली. पाणी कमी होईना.

मी दुसऱ्या दिवशीही डबा भरला. हे सरळ लिहितो.

त्या दुपारी मी तिला चमच्याने पाणी पाजत होतो. तिने तोंड फिरवलं. डावा हात पांघरुणातून बाहेर काढला आणि मुठीने पलंगाची लाकडी कड ठोकली. एकदा. थांबली. कान देऊन ऐकलं. परत ठोकली.

मी चमचा खाली ठेवला.

"पुरे," ती म्हणाली.

झटक्यानंतर ती बोललेला तो पहिला शब्द. सून स्वयंपाकघरातून धावत आली. "आई बोलल्या? काय बोलल्या?"

"पाणी पुरे म्हणाली," मी सांगितलं.

ते खोटं नव्हतं. सुनेला रडू आवरेना. तिने नवऱ्याला फोन केला, नणंदेला फोन केला. मी बायकोशेजारी बसून राहिलो. काम माझं असताना तो शब्द माझा होता. तिने कधीच उलट विचारलं नव्हतं की अजून चार दिवस मारू का. मलाही आता विचारता येईना.

मी बाहेर गेलो आणि डबा पालथा घातला.

भिंत वाळत गेली, तशी बायकोची छाती मोकळी झाली. खोकला थांबला. डॉक्टर खूष, सून खूष. बोटांच्या सुरकुत्या गेल्या. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, "आता महिनाभरात बसतील बघा." सगळे माझ्याकडे बघून हसायचे. मीही हसायचो. धाकटी सोमवारी आईला भेटायला येते म्हणाली.

सोमवारी नातीला सुट्टी होती. मी चहा घेत होतो. ती टेबलाशी गेली आणि ओरडली.

"आबा! दार सापडलं!"

मी कप ठेवला.

हरवलेलं दार चौथ्या खोलीला बसवलेलं होतं. आदल्या दिवशी तिथे सलग भिंत होती. आता चौकट होती, ओळंब्यात, आणि दार लावलेलं.

"कुठे होतं?"

"मला माहीत नाही. तुम्ही लावलंत?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिने बोटाने ढकललं. ते दार चित्रात बोटाच्या धक्क्याने उघडतं. ते उघडेना.

"आतून लावलंय," ती म्हणाली.

मी नखाने भिंत ठोकली. खणखणीत आवाज आला.

नातीने वाकून दाराला कान लावला. बराच वेळ तशीच राहिली. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, मुलं झोपलेल्या माणसाजवळ बोलतात तशी.

"आबा, आत कुणीतरी फळीवर भांडी लावतंय."

मी कान लावला नाही. उठून आत गेलो.

माझी बायको त्याच सोमवारी गेली, दुपारी, जेवणं उरकल्यावर, धाकटी येऊन पोहोचायच्या थोडी आधी. धाकटीच्या लग्नाला तेव्हा वर्ष व्हायचं होतं.