खाणावळीवरचा आळ

पहाटे मालनबाईच्या खाणावळीवर दगड पडले आणि सकाळी ती भुजंगरावांच्या दारात येऊन उभी राहिली.

"माझ्या भाकरीत विष हाय म्हनायलेत," ती म्हणाली. "आश्रुबा मेला. दोघं अंथरुणावर हायत. फौजदार सांजच्याला येणार हाय."

भुजंगराव परभणीतले एकमेव खाजगी तपासनीस. शेजारी त्यांचे मित्र रंगनाथ मास्तर चहा पीत होते. मास्तरांना बाईची कीव आली, पण शंकाही आली. तिघे एकाच बियाणे कारखान्यातले, दुखणंही एकच, आणि कारखान्यासमोर हिची खाणावळ. आणखी काय पाहिजे?

भुजंगराव आधी दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांशी दार लावून बोलले.

"तपासणीचा निकाल आजच आलाय," बाहेर येऊन ते मास्तरांना म्हणाले. "रोगाचं नाव अजून रोग्यांनाही ठाऊक नाही. तुम्हीही विचारू नका."

आजारी नागनाथ घरी कुशीवर पडून होता.

"मूळव्याध हाय, सायेब. रगत पडतंय."

"मालनबाईकडे जेवायचास?"

"कदीच न्हाई. घरची भाकर असती. आमी तिघं एकाच खोलीत बियाला औषदाची पूड चोळायचो. लय वर्सं झाली. मॅनेजर देवमानूस. आश्रुबाला सोताच्या जीपनं औरंगाबादला नेलं, डाक्टरसंगं सोता बोलले."

कारखान्याच्या आवारात वजनकाट्यावरचा कामगार बन्सीधर भेटला. "मी तर दोन्ही टायमाला बाईकडंच जेवतो," तो म्हणाला. "मला काय धाड भरलीय?"

पुडीच्या खोलीत पाऊल टाकताच मास्तरांना ठसका लागला. भिंतीत उंचावर हवा बाहेर फेकणारा पंखा होता. त्याच्या पात्यांत काटक्यांचं घरटं, घरट्यात कबुतराची पिल्लं.

मॅनेजर दिनकररावांनी खुर्च्या दिल्या. भुजंगराव म्हणाले, "कामगारांच्या पोटाच्या तक्रारीबद्दल आलोय."

"पोटाची कसली? तिघांनाही गुदाशयाचा कर्करोग. कुजकं अन्न खाऊन दुसरं काय होणार? आमचा पंखा तर रोज चालतो."

संध्याकाळी फौजदार खाणावळीत आले. भुजंगरावांनी दिनकररावांनाही बोलावून घेतलं होतं.

"फौजदारसाहेब, विष कुणी घातलेलं नाही. नागनाथनं इथला घास खाल्ला नाही, तरी तो आजारी. बन्सीधर रोज इथं जेवतो, तो ठणठणीत. तिघांना जोडणारी एकच गोष्ट, ती खोली. पुडीनंच रोग झाला असं डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत, पण संशय दाट आहे म्हणतात. आणि ज्या पंख्यात कबुतर पिल्लं वाढवतं, तो रोज फिरत नाही."

"म्हणून मी गुन्हेगार?" दिनकररावांनी विचारलं.

"मी पोटाची तक्रार म्हणालो. रोग्यांना मूळव्याध वाटतेय. कर्करोग हा शब्द इथं आज सकाळी बंद दाराआड निघाला. तुम्हाला तो आधीच कसा ठाऊक? औरंगाबादच्या डॉक्टरांशी आश्रुबाऐवजी तुम्ही बोललात म्हणून. बाकी दोघांचं तुम्ही ताडलंत, आणि बोभाटा व्हायच्या आत आळ बाईवर ढकललात."



"पंखा लावला की पूड कारखान्याच्या ओसरीवर यायची," दिनकरराव हळू आवाजात म्हणाले. "बियाणं घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, पंखा लावा, तोंडाला फडकी द्या. पण माणसांना कळलं असतं, तर त्या खोलीत कोण गेलं असतं?"

फौजदार त्यांना घेऊन गेले. मास्तरांना वाटलं, आता बाई तरी सुटकेचा निःश्वास टाकेल.

"नागनाथला सांगितलं का कुनी?" तिनं विचारलं.

भुजंगरावांनी नकारार्थी मान हलवली. मालनबाईनं चुलीतली लाकडं मागं ओढली आणि पदर सावरला.

"मी जाते. त्याच्या बायकोपाशी बाईमानूस पायजे."

मास्तर कंदील घेऊन तिच्यामागं निघाले.