नववी पायरी

त्या नदीला अकरा पायऱ्या होत्या. पायरी म्हणजे जिथे नदीचा तळच तुटतो आणि सगळं पाणी पुरुषभर, कधी दोन पुरुष खाली कोसळतं अशी जागा. आमच्या क्लबातल्या कुणीही सगळ्या अकरा पायऱ्या कयाकमधून, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या चिंचोळ्या होडीतून, उतरल्या नव्हत्या. दादा आणि वहिनीने आदल्या वर्षी पाच केल्या होत्या आणि पाणी चढल्यामुळे परत फिरले होते. या वर्षी सगळ्या अकरा करायच्या, शिवाय प्रत्येक पायरीचं रेखाटन करून आणायचं, म्हणजे मागून येणाऱ्यांना आंधळेपणाने उतरावं लागणार नाही, असा दादाचा बेत होता. त्या रेखाटनांसाठीच त्याने मला बरोबर घेतलं.

मी पाणीपुरवठा कार्यालयात नकाशे काढते. दिवसभर उंच टेबलापाशी उभं राहून पाइपलाइनी, झडपा, टाक्या काढायच्या. आमच्याकडे नियम साधा आहे. जे जाऊन पाहिलं, मोजलं, तेवढंच ठळक रेषेत. जे अंदाजाने, ते तुटक रेषेत. अकरा वर्षांत हा नियम मी एकदाही मोडला नव्हता. दादा मला लहानपणापासून ‘पेन्सिल’ म्हणतो, तेव्हा हडकुळी होते म्हणून. हाडांवर मांस चढलं तरी नाव तेच राहिलं.

वहिनी फिजिओथेरपिस्ट. लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करणं हा तिचा धंदा आणि पाण्यात ती आम्हा दोघांपेक्षा सरस. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. तो कशालाच घाई करत नाही. दोर दोनदा ओढून बघतो, गाठ तीनदा.

पहिले तीन दिवस सुरेख गेले. दोन्ही बाजूंनी काळे कातळ, त्यांच्या फटीत वाढलेली वाकडी झाडं, आणि वर आभाळाची एक अरुंद पट्टी. पाणी इतकं थंड की वल्ह्यावरची बोटं आपलीच आहेत का असा संशय यावा. रोजचा शिरस्ता ठरलेला होता. पायरीचा आवाज कानावर आला की वरच्या संथ पाण्यात थांबायचं, मी काठाने चालत खालपर्यंत जायचं, पाहायचं, काढायचं आणि परत येऊन सांगायचं. मग वहिनी उतरायची, मग मी, शेवटी दादा.

संध्याकाळी स्टोव्हवर पाणी उकळेपर्यंत दादा माझी वही उघडून बसायचा.

“हे बघ,” तो वहिनीला म्हणायचा, “आपण नदी बघतो, ही नदी वाचते.”

“मग तुझ्या लिफ्टचे पण नकाशे हिलाच काढायला सांग,” वहिनी म्हणायची. “परवा स्वतःच अडकला होतास.”

“दहा मिनिटं फक्त.”

“पाऊण तास. मी खाली उभी होते.”

चौथ्या दिवशी दुपारपर्यंत आठ पायऱ्या झाल्या. माझे पाय सोलवटले होते. भिजून फुगलेल्या टाचा प्रत्येक पावलाला बुटाच्या कडेवर घासत होत्या. आठव्या पायरीची पाहणी करताना मी दोनदा घसरले आणि बराच उशीर झाला. दादाने फक्त एकदा घड्याळाकडे पाहिलं. तेवढं मला पुरलं. आपल्यामुळे खोळंबा होतोय, ही गोष्ट मला कधीच सहन होत नाही.

नववी पायरी वळणावर होती. मी काठाने निघाले. उजव्या बाजूला कातळाचा एक खांदा नदीत आला होता. त्याच्यावर चढून पलीकडे उतरलं असतं तर पायरीचा तळ पुरा दिसला असता. चाळीस पावलं असतील. कातळ ओला, शेवाळलेला. मी खांद्याच्या अलीकडे एका दगडावर बसले. तिथून धार दिसत होती, खालचा डोह जवळजवळ सगळा दिसत होता, फक्त उजवा कोपरा खांद्याआड होता. आठही पायऱ्यांच्या खाली स्वच्छ डोह होते. हाही तसाच असणार.

मी वही काढली. उजवा कोपरा काढला. ठळक रेषेत.

परत आले तेव्हा दादा वरच्या कडेवर उभा राहून स्वतः खाली वाकून बघत होता.

“उजवीकडून सरळ,” मी म्हणाले. “खाली डोह आहे. साफ आहे.”

“शेवटपर्यंत गेलीस ना?”

“गेले.”

एक शब्द. त्याने मान डोलावली. वहिनीने हेल्मेटचा पट्टा आवळला, माझ्याकडे पाहून हसली आणि निघाली.

मी फेकायच्या दोरीची पिशवी घेऊन कातळाच्या खांद्यापाशी उभी राहिले. तिची पिवळी कयाक कडेवर आली, क्षणभर थांबल्यासारखी वाटली आणि नाक खाली करून गेली. आता ती डोहात दिसायला हवी होती. मी वाट पाहिली. फेस. नुसता फेस. एक, दोन, तीन, चार. वल्हं वर आलं. एकटंच.

मी धावले. शेवाळ, घसरण, टाचा, काही आठवलं नाही. ज्या चाळीस पावलांचा मघाशी मला कंटाळा आला होता, ती मी अर्ध्या मिनिटात पार केली!

उजव्या कोपऱ्यात एक झाड आडवं अडकलेलं होतं. साल गेलेलं, काळं, माझ्या कमरेएवढं जाड खोड. खांद्यापलीकडून ते इतकं स्पष्ट दिसत होतं की आंधळ्याच्याही नजरेतून सुटलं नसतं. कयाकचं नाक त्याच्याखाली घुसलं होतं आणि मागून नदी तिला दाबत होती. वहिनी कमरेपर्यंत कयाकमध्येच होती. पाण्याच्या पडद्यामागे तिचं हेल्मेट दिसत होतं, आणि एक हात. त्या हाताने तिने फांदीचा खुंट धरला होता.

मी शिट्टी फुंकली. तीनदा. पुन्हा तीनदा. दोरी फेकली. चुकली. ओढून घेतली, पुन्हा फेकली. या खेपेला दोरी तिच्या खांद्यावर पडली, पण पकडायला तिला हात सोडावा लागला असता, आणि हात सोडला असता तर ती खोडाखाली गेली असती.

दादा कातळावरून उड्या मारत आला. त्याने एकदाच खाली पाहिलं.

“दोर माझ्या जॅकेटला बांध,” मी म्हणाले. “मी हलकी आहे. तू मला धरू शकशील, मी तुला नाही.”

त्याने गाठ मारली. तीनदा ओढून बघितली. तेवढ्यातही!

मी पाण्यात शिरले. नदीने मला उचललं आणि खोडावर आपटलं. श्वास गेला. मी खोडावर पोट टाकलं, हात खाली घातला, कयाकच्या तोंडावरचं रबरी झाकण चाचपलं. त्याचा ओढून सोडवायचा फास सापडेना. वहिनीचा चेहरा माझ्यापासून वीतभर होता. पाणी तिच्या हनुवटीपर्यंत, मग नाकापर्यंत, पुन्हा हनुवटीपर्यंत. ती माझ्याकडे पाहत होती. फास बोटाला लागला. मी ओढला. झाकण सुटलं. मी तिच्या जॅकेटच्या खांद्याला गच्च धरलं आणि ओरडले. दादाने ओढलं.

काठाला लागलो तेव्हा वहिनीचा उजवा खांदा जागेवर नव्हता. कयाक खोडाखाली दुमडत गेली आणि दिसेनाशी झाली.

दादाने वहिनीला ब्लँकेटमध्ये गुंडाळलं. मग माझं डोकं स्वतःच्या छातीशी धरलं. “तू होतीस म्हणून,” एवढंच म्हणाला. मी स्वतःला सोडवून घेतलं आणि दोरी गुंडाळू लागले.

थोड्या वेळाने तो काठावर जाऊन ते खोड बघत उभा राहिला. मी मागे गेले. आता सांगायचं, असं ठरवून गेले.

“वरून बघताना फेसात काळी रेघ दिसली होती मला,” तो म्हणाला. “सावली समजलो. तुला खालूनही दिसलं नाही, म्हणजे तेव्हा पाण्याखाली असणार. पाणी उतरलं असेल मधे. पण मला रेघ दिसली होती. मी थांबवायला हवं होतं.”

“हो,” मी म्हणाले. पाणी उतरलं असेल, याला हो. त्याने ते कोणत्या वाक्याला धरलं कोण जाणे.

दोन पायऱ्या उरल्या होत्या. वहिनीला झोळीत घालून न्यायची गरज नव्हती, हात बांधून ती चालू शकत होती. तीच म्हणाली, “मी काठाने येते. तुम्ही दोघं उतरा. इथवर येऊन सोडायचं?”

“नाही,” दादा म्हणाला. “माझ्या नजरेचा मला भरवसा नाही.”

आम्ही उरलेल्या दोन कयाक एका कपारीत बांधून ठेवल्या आणि दीड दिवस चालत रस्त्याला लागलो. वाटेत माझं सामान दादाने घेतलं, कारण मी दमले असेन.

हॉस्पिटलच्या बाकावर, वहिनीला आत नेलेलं असताना, तो म्हणाला, “यापुढे मी कुणाला घेऊन पाण्यात जाणार नाही.” मी भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत राहिले. वरून खाली, पुन्हा वरून.

आठवड्याने त्याने माझ्या कार्यालयात एक पाकीट पाठवलं. क्लबासाठी लिहिलेला मोहिमेचा वृत्तांत होता. तुझं अक्षर चांगलं आहे, स्वच्छ प्रत करून दे, असं वर लिहिलं होतं. नवव्या पायरीपाशी वाक्य होतं: ‘सहकाऱ्याने पाहणी चोख केली होती. पाणी वाचण्यात चूक माझी.’ शेवटी क्लबाच्या मोहीमप्रमुखपदाचा राजीनामा.

मी कागद टेबलावर पसरला. ‘सहकाऱ्याने’पर्यंत लिहिलं. पुढचा शब्द हातातून उतरेना. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, “अहो, बरं नाही का? घामाने कागद भिजला.” मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

दादाकडे पोचले तेव्हा तो मागच्या मोरीत भांडी घासत होता. वहिनी हात गळ्यात अडकवून स्वयंपाकघरात बसली होती. मी दारातच उभी राहिले.

“वहिनी, मी नवव्या पायरीला खालपर्यंत गेले नव्हते.”



“तू दगडावर बसलेली मला वरून दिसत होतीस,” ती म्हणाली. “मग मी वल्ह्याकडे बघितलं. वाटलं, तेवढ्यात जाऊन आली असेल. तू ‘गेले’ म्हणालीस ना.”

“मग तू बोलली का नाहीस? इतके दिवस?”

“ते मी बोलायचं नव्हतं.” तिने मोरीकडे मान वळवली. “त्याला सांग. तो रात्री उठून डोळ्यांसमोर बोटं धरून बघतो.”

दादा हात पुसत मोरीच्या दारात आला होता. त्याने किती ऐकलं ते कळलं नाही, म्हणून मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. टाचा, घड्याळ, दगड, ठळक रेषा. कुठेही ‘पण’ घातलं नाही. खोड खांद्यापलीकडून उघड दिसत होतं हेही सांगितलं.

तो खाली बसला. भिंतीला पाठ लावून, लहान मुलासारखा.

“म्हणजे ती रेघ मला बरोबर दिसली होती,” तो म्हणाला.

“हो.”

“आणि तू हो म्हणालीस. पाणी उतरलं म्हणून. माझ्या तोंडावर.”

“हो.”

“खोडाचं मी समजू शकतो,” तो हळू म्हणाला. “दमली होतीस. पण ते दुसरं ‘हो’ समजत नाही मला.”

मलाही समजत नव्हतं. मी तसं सांगितलं.

त्याने माझ्या हातातल्या पाकिटातून आपला वृत्तांत काढला, नवव्या पायरीचं वाक्य वाचलं आणि खोडलं. “वृत्तांत तू लिही. तुझ्या नावाने. क्लबाच्या सभेत तूच वाच.”

“वाचते.”

“आणि पुढच्या वर्षी आम्ही जाऊ तेव्हा तू नसशील.”

“नसेन.”

तो उठला. वहिनीचा हात चालत नव्हता, म्हणून त्यानेच ताट घेतलं, वाढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. “जेव आधी,” म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता. तो लपवायचा त्याने प्रयत्न केला नाही.

मी मान खाली घालून जेवले. एकही शीत टाकलं नाही.