बाकी एक

"पळ गं बाकी! खिडकी बंद होईल!" दादा ओरडला.

नेहमी सगळ्यांच्या मागे राहायची, म्हणून तिचं नाव पडलं बाकी. सुट्टी लागली त्याच दिवशी तिचा कुत्रा भोपळ्या हरवला. कित्येक दिवस हाका मारमारून तिचा घसा बसला होता. आता उरला होता फक्त प्राण्यांचा दवाखाना. दादा, धाकटा टिल्लू आणि हातात रिकामा पट्टा घेतलेली बाकी धापा टाकत तिथे पोचले.

"नंबर?" खिडकीतल्या कारकूनकाकांनी मान वर न करता विचारलं.

ओळखीसाठी भोपळ्याच्या कातडीखाली बसवलेल्या चकतीचा नंबर तिला तोंडपाठ होता. "एक्केचाळीस, अठ्ठावीस, एकोणऐंशी, शून्य पाच, त्रेसष्ट."

"इथे नाही. पुढचे कोण?"

तेवढ्यात टिल्लूने बाकीची बाही ओढली. समोरच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं : 'संसर्ग कक्ष. ४१२८८९०५६३. मालक सापडत नाही.'

"काका, हाच तो! एकच आकडा चुकलाय!" बाकी म्हणाली.

"एका आकड्याने कुत्रा बदलतो, बाळ. दुसऱ्याचा कुत्रा तुला दाखवू? आणि त्या खोलीत बाहेरच्यांना मनाई आहे."

"चल घरी," दादा हळूच म्हणाला.

बाकी जागची हलली नाही. ओठांतल्या ओठांत ती फळ्यावरचे आकडे मिळवत होती.

"काका, चकतीच्या संख्येला नेहमी नवाने भाग जातो ना?"

"जातो. चूक पकडता यावी म्हणून तशाच संख्या देतात."

"मग फळ्यावरच्या या आकड्यांची बेरीज करा. सेहेचाळीस! नवाने भागलं की बाकी एक. अशी चकती असूच शकत नाही. मालक सापडणार कुठून?"

काकांचं पेन थांबलं. "डॉक्टरबाई आतून नंबर सांगतात, मी लिहितो..."

"एकोणऐंशी म्हणाल्या असतील!" टिल्लू ओरडला. "ऐंशी ऐकू आलं की मीपण आधी आठच लिहितो. परीक्षेत दोन मार्क गेले माझे!"

काका धावतच आत गेले. थोड्या वेळाने डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या. "सात, नऊ. पोरी, हातमोजे घाल. लवकर चल."

गोणपाटावर भोपळ्या पडला होता. नाव भोपळ्या, पण आता नुसत्या बरगड्या. रबराच्या हाताला त्याने ओळख दिली नाही. बसलेल्या घशातून तिने कशीबशी हाक मारली, "भोपळ्या..."

कान हलला. शेपूट एकदा गोणपाटावर आपटलं. मग त्याने तिच्या मांडीवर डोकं टेकलं आणि ते पुन्हा उचललं नाही.

"औषधं देत होतो गं," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण अन्नाला तोंडच लावत नव्हता. तुझी हाक आधी ऐकली असती तर..." त्यांनी भोपळ्याचे डोळे मिटले. "आमच्या कुणाच्या लक्षात आली नाही ती चूक तू पकडलीस. शाबास."

बाहेर काकांनी फळ्यावरचा चुकलेला आठ अंगठ्याने पुसून सात लिहिला. आता संख्येला नवाने पुरता भाग जात होता.

घरी जाताना दादाने "पळ गं" म्हटलं नाही. पट्टा घेऊन बाकी पुढे चालत होती, आणि ते दोघं तिच्या मागे.