चाळीसच्या वर नाही

"घरी कोणी नाही काय?"

शेडच्या दारात उभं राहून त्याने हे मलाच विचारलं. मी समोर उभी, हातात पाना, कोपरापर्यंत काळं ऑइल... आणि हा बाबा विचारतोय, घरी कोणी नाही काय!

"मी दिसून नाही राह्यली का तुमाले?"

"नाई, तसं नाई... मिस्त्री म्हणजे... भीमराज काका..."

"गाडी आत घ्या. पाणी गळून राह्यलं अंगावरून."

श्रावणातली झड चौथ्या दिवशीही उघडली नव्हती. कळंबच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमचं घर, आणि घराला लागून टिनाचं शेड. त्याने गाडी तीन किलोमीटर ढकलत आणली होती. केसांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, शर्ट अंगाला चिकटला होता. रेनकोट होता त्याच्याजवळ, पण तो त्याने पेट्रोलच्या टाकीवर ठेवलेल्या खाकी थैलीला घातला होता, बटणं लावून, नीट.

"थैलीले रेनकोट?" मला हसूच आलं.

"टपाल आहे. भिजलं तं चालत नाही."

"आन तुमी भिजले तं?"

"मी वाळतो ना," तो म्हणाला, आणि असा साधा हसला की मी उगाच पाना शोधायला लागले. पाना माझ्या हातातच होता.

त्याचं नाव धम्मरत्न. आमच्या शेडपासून अकरा किलोमीटरवरच्या गावचा टपालवाला. रोज गावातून थैली घेऊन कळंबला यायचं आणि कळंबची थैली घेऊन परत जायचं.

माझे बाबा, भीमराज मिस्त्री, एसटीच्या आगारात एकतीस वर्षं होते. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला आणि उजवा हात गेला. तेव्हापासून ते शेडमध्ये खुर्चीवर बसतात. कान त्यांचे, हात माझे. लोक आधी नाक मुरडायचे, पोरगी काय इंजिन खोलते म्हणून. आता निमूट रांगेत उभे राहतात.

बाबांनी दोन किका मारायला लावल्या, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "पिस्टन गेलं बेटा. बोअर करा लागते."

इंजिनचा ब्लॉक घेऊन मी एसटीने यवतमाळला गेले. पेपरात गुंडाळून मांडीवर ठेवला होता. आतून घासून, बोअर करून आणला, नवा पिस्टन, नव्या रिंगा बसवल्या. चौथ्या दिवशी गाडी एका किकेत सुरू झाली.

आता इथे माझी चूक सांगते.

नवीन बोअर केलेली गाडी पहिले पाचशे किलोमीटर हळू चालवायची असते. चाळीसच्या वर नाही. रिंगा आपली जागा धरेपर्यंत तिला दामटायचं नाही. पाचशेला ऑइल बदललं की झालं. मी हेच सांगणार होते. शप्पथ, "पाचशे" शब्द ओठावर होता. पण तो थैलीचा बंद आवळता आवळता मान वर करून माझ्याकडे बघत होता... आणि माझ्या तोंडून निघालं, "हजार."

"हजार?"

"हजार किलोमीटर. चाळीसच्या वर नाही. आन दर शंभराले इथं आणून दाखवाची."

"आन गेली चाळीसच्या वर तं?"

"पिस्टन धरन. जागच्या जागी जाम होईन गाडी. मंग बसा रस्त्यात."

खुर्चीवर बाबा खोकले. तो गेल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "शंभराले काय पाहाचं असते वं, रुपा?"

"आवाज."

"कोणाचा?"

मी पाने पुसायला घेतले. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

शंभरला तो आला. मी कान लावला, आवळलेला नट पुन्हा आवळला, "बरी आहे" म्हटलं. दोनशेला त्याने भुट्टे आणले. आईने चुलीवर भाजले आणि आम्ही शेडमध्ये बसून खाल्ले. तीनशेला मी कार्बोरेटरवर वाकले होते, केसांची बट डोळ्यात जात होती आणि दोन्ही हात ऑइलचे. फू... फू... करून मी ती उडवत होते. त्याने खिशातून पेन काढलं आणि टोपणाच्या टोकाने ती बट हळूच कानामागे सारली. बोट लावलं नाही. फक्त टोपण.

"पाचच रुपयाचा पेन आहे," तो म्हणाला, "पण कामाचा आहे."

त्या दिवसापासून तो मला 'तू' झाला.

पण तो नेहमी हसत यायचा असं नाही. ते बोंडअळीचं साल होतं. कापूस डोक्याच्या वर गेला होता आणि लोक पाठीवर पंप घेऊन त्यात शिरत होते. फवारा वर मारायचा, तो तोंडावरच परत यायचा. पत्र द्यायला गेलं की कोणाचे डोळे लाल, कोणी ओट्यावर पडलेला. त्याच्या गल्लीतला रामधन दुसऱ्यांच्या वावरात रोजीने फवारायचा. "त्याले म्हणतलं, नाकाले फडकं बांध. तं म्हणते, फडकं बांधून बिडी कशी ओढू?" धम्मरत्न हे सांगताना हसला, पण लगेच थैलीचा बंद पुन्हा आवळायला लागला.

पाचशेला मी ऑइल बदललं. तेवढं एक काम खरं होतं. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, झालं आता, पळव. नाही सांगितलं.

आठशेला त्याने विचारलं, "हजार झाल्यावर मंग?"

"मंग गाडी तुही."

"आन मी?"

बाप्पा! मी ऑइलचा डबा आणायला म्हणून घरात गेले ती पाच मिनिटं बाहेरच आले नाही.

त्यानंतर दोनच दिवसांनी, भर दुपारी, मला त्याच्या इंजिनचा आवाज आला. दुरूनच ओळखायचे मी तो. पण आज आवाज जड होता, वजनाखाली दबलेला. मी रस्त्यावर आले. धम्मरत्नच्या पाठीला रामधन दुपट्ट्याने बांधलेला, मान एका बाजूला पडलेली, ओठांवर फेस. अंगाला फवारणीच्या औषधाचा उग्र वास.

"रुपाली, मांगं बस! धर याले, सुटून राह्यला!"

मी पाना फेकला आणि मागे बसले. दोन्ही हातांनी रामधनला आवळून धरलं. त्याचं अंग थरथरत होतं. दवाखाना अजून दोन-तीन किलोमीटर. धम्मरत्नच्या खांद्यावरून मला मीटर दिसलं. काटा चाळीसवर. हललासुद्धा नाही.

"पळव ना!"

"जाम होईन! मधातच जाम झाली तं हा मरन, रुपाली!"

"नाई होत!"

"तूच सांगतलं ना —"

"खोटं सांगतलं म्या! पळव!"

त्याने एकदा मागे वळून पाहिलं. मग मूठ पिळली. काटा पन्नास, साठ, सत्तर. इंजिन कुठे अडखळलं नाही, कुरकुरलं नाही. माझ्या हातचं काम इतकं छान पळताना मी पहिल्यांदा ऐकत होते आणि मला ते ऐकवत नव्हतं.

कळंबला रामधनला इंजेक्शनं दिली आणि ॲम्ब्युलन्सने यवतमाळला हलवलं. त्याची बायको जमनी ऑटोने धावत आली होती, ती त्याच्याबरोबर गेली. आम्ही दोघं कडुलिंबाखाली उरलो. गाडीचं इंजिन अजून टिक टिक करत थंड होत होतं.

"किती असते खरं?" त्याने विचारलं.

"पाचशे."

"आन दर शंभराले दाखवाचं?"

"तसं काही नसते."

"मंग काहून?"

आता काय लपवायचं होतं? "तू यावा म्हणून," मी म्हटलं. "तू आवडतं मले. म्हणून."

हे सांगायचे मी किती बेत केले होते. शेडमध्ये, पाऊस पडत असताना, तो हसत असताना. आणि सांगितलं कुठे, तर दवाखान्याच्या दारात, हाताला औषधाचा वास असताना.

त्याने मीटरच्या काचेवर बोट ठेवलं. "अकरा किलोमीटर, रुपाली. तो मांगं कण्हून राह्यलता, आन मी काटा पाहून राह्यलतो." एवढंच म्हणाला आणि गेला.

मी हिशेब केला. नको म्हटलं तरी डोकं करतच राहिलं. चाळीसने साडेसोळा मिनिटं. सत्तरने साडेनऊ. सात मिनिटं. माझ्यामुळे गेलेली सात मिनिटं. दोन रात्री मला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"मले माईत होतं, बेटा. मले वाटलं, पोरीचं वय आहे... कोणाचं काय जाते? मीयी चूप राह्यलो. मिस्त्रीनं चूप नव्हतं राहाले पाहिजे."

त्यांचे डोळे भरले होते. मीही रडून घेतलं.

पाचव्या दिवशी बातमी आली, रामधन शुद्धीवर आला पण डोळ्यांना धुरकट दिसतं. मी रोज तेवढंच मागत होते, त्याला दिसू दे. धम्मरत्न रोज रस्त्याने जायचा. थांबायचा नाही. आता तो साठने जायचा. मी आत बसून ऐकायचे. नवव्या दिवशी इंजिनातलं टॅपेट ढिलं होऊन वाजायला लागलं, टक टक टक टक. रोज थोडं जास्त. एवढं वाजत असूनही तो आणत नव्हता, म्हणजे किती राग असेल.

पंधराव्या दिवशी तो आवाज शेडसमोर थांबला.

मागे रामधन बसला होता. डोळ्यांवर काळा चष्मा, गाल बसलेले, पण स्वतःच्या पायांनी उतरला. उतरल्याबरोबर मी समोर गेले. थांबले असते तर हिंमत गेली असती.

"रामधन भाऊ, तुमाले दवाखान्यात न्यायले सात मिनिटं उशीर झाला. तो माह्यामुळं झाला. म्या याले खोटं सांगतलं होतं, गाडी चाळीसच्या वर नेऊ नोको म्हणून."

रामधनने चष्मा काढला. डोळे लाल होते, पण माझ्यावर ठरले. "मले मिनिटं-बिनिटं काही याद नाही, बाई. मले इतकंच याद आहे का मी पडून राह्यलतो, आन मांगून कोणीतं घट्ट धरलं. तू होती काय ते?"

मी मान हलवली.

"मंग चाय पाज," तो म्हणाला आणि बाबांजवळ जाऊन बसला.

धम्मरत्न गाडीजवळच उभा होता. टपालाची थैली चाचपत.

"मलेयी एक सांगाचं आहे," तो हळू म्हणाला. "पाचशे झाले तवा यवतमाळले एका मिस्त्रीले विचारलं होतं म्या. तो म्हणे, झालं आता, पळव बिनधास्त."

"मंग?"

"मंग काय... मले पटलं नाही. म्हणजे, पटवून घ्याचंच नव्हतं. पटलं असतं तं सहाशेले कायले आलो असतो? सातशेले कायले?" त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुह्यावर रागावलो म्हणून नव्हतो येत असं नाई, रुपाली. मी माह्यावर रागावलो होतो. ते सात मिनिटं एकट्या तुहे नाही."

मी ओढणीने डोळे पुसले. गालाला ऑइल लागलं असणार, कारण त्याचा हात खिशातल्या पेनाकडे गेला आणि मग थांबला. पेन खिशातच राहिलं. त्याने अंगठ्याने तो डाग पुसला.

"आता खोटं नाही," मी म्हटलं. "कधीच नाही."

"मीयी नाही." मग तो म्हणाला, "टॅपेट वाजून राह्यलं. किती वेळ लागन?"

"काम दहा मिनिटाचं. पण इंजिन थंडं व्हायले दीड तास लागते. गरम इंजिनचं टॅपेट नसते लावत."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग बाबांकडे. "काका... खरं आहे?"

खुर्चीवरून बाबा हसले. किती दिवसांनी हसले! "खरं आहे, बेटा. या बारीनं पोरगी खरं बोलून राह्यली."

धम्मरत्नने थैली उतरवून खुंटीला अडकवली, रिकामा डबा उलटा केला आणि त्यावर बसला.

"आन इंजिन थंडं झाल्यावर?" त्याने विचारलं.

"टॅपेट लावून देईन. गाडी तुही."

"आन मी?"

या वेळी मी ऑइलचा डबा आणायला घरात गेले नाही. त्याच्या शेजारी खाली बसले आणि म्हटलं, "तू राहा ना इथंच... माहा होऊन."