अण्णांना दिसलेली ऋता

दक्षिण कोरियातल्या बुसानच्या एका चित्रपट-प्रयोगशाळेत ऋता सोनटक्के एवढ्या जोरात ओरडली, की डॉ. सो मिन-आ यांच्या हातातला चहा सांडला.

"काम मी केलं, आणि पडद्यावर चेहरा दुसरीचा?"

ओरडेल नाही तर काय! गुन्हेगारांच्या टोळीत गुप्तपणे शिरलेली महिला पोलीस अधिकारी, म्हणजे थेट नायिका, आणि ती भूमिका परदेशी मजुराच्या मुलीला. चित्रीकरणात आठ महिने तिने मार खाल्ला होता, ती बर्फात पडली होती.

"सगळ्यांनाच दुसरी दिसत नाही," डॉ. सो म्हणाल्या. "हा विश्वासमुख चष्मा. चित्रपट चालू असताना तो प्रेक्षकाच्या बुबुळांची हालचाल मोजतो. कुठल्या भूमिकेत कुठला चेहरा त्याला पटतो, हे त्या माणसाच्या आधी चष्म्याला कळतं. मग नटांचे चेहरे आणि आवाज तो आपसांत बदलतो."

"आणि सहभाग कायदा? बाहेरून आलेल्यांचा चेहरा चित्रपटात असलाच पाहिजे ना?"

"असतोच की. पुरी चाळीस मिनिटं." डॉ. सो यांनी मान खाली घातली. "फक्त, बहुतेकांना तुम्ही टोळीच्या अड्ड्यावर झाडू मारणारी बाई दिसता."

ऋता मटकन खुर्चीत बसली. डॉ. सो यांना राहवलं नाही. "घरी कुणाला चित्रपट दाखवायचाय का? चेहरे न बदललेली मूळ प्रत देते. नियमात बसत नाही, पण देते."

"अण्णांना दाखवायचाय. पण काही गरज नाही. बाप आहे माझा. त्यांना मी पटणार नाही तर कुणाला पटणार?"

"चष्मा माया मोजत नाही हो. सवय मोजतो."

पण ऐकतंय कोण!

अण्णा, म्हणजे वामन सोनटक्के, जयसिंगपूरहून आन्सानला आले आणि तीस वर्षं कापड रंगवण्याच्या कारखान्यात राबले. त्या वाफेने फुप्फुसं गेली. डॉक्टरांनी जेमतेम आठवडा सांगितला होता. पोरीचं काम डोळ्यांनी बघायचं, एवढा एकच त्यांचा हट्ट उरला होता. भूमिका कुठली ते ऋताने मुद्दाम सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी अण्णांनी दाढी करून घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला. शर्टाच्या खिशात परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र होतंच. पोलीस दिसला की हात आपोआप खिशाकडे जायचा, म्हणून घरातसुद्धा ते खिशाशिवाय शर्ट घालत नसत. ऋताने त्यांना चष्मा चढवला आणि ती शेजारी बसली. चष्म्याशिवाय तिला पडद्यावरचे चेहरे नुसते धूसर दिसत होते.

नायिका पडद्यावर आली तेव्हा अण्णांचा हात खिशाकडे गेला.

ऋताने ते पाहिलं आणि चष्मा काढून घ्यायला हात पुढे केला. तेवढ्यात अण्णा हरखून म्हणाले, "आली! आली गं माझी बाय!" तिचा जीव भांड्यात पडला.

चित्रपट संपला. अण्णांनी चष्मा काढला. डोळे भरून आले होते.

"काय झाडत होतीस गं! एक कोपरा सोडला नाहीस. कमरेत वाकतेस ती अगदी तुझ्या आईसारखी."

ऋताने त्यांच्या हातातून चष्मा काढून घेतला.

"आणि ती पोलीसबाई! काय रुबाब तिचा. मला तर धडकीच भरली. त्यांच्यातली कुणी मोठी नटी असेल, नाही का?"

"अण्णा, ती..."

"तुला त्यांनी पडद्यावर घेतलं, हे काय कमी आहे? मी भरून पावलो बघ."

"हो, अण्णा," ती म्हणाली. "मोठी नटी आहे ती." मग स्वयंपाकघरात जाऊन, नळ मोठा सोडून ती खूप रडली.

गुरुवारी अण्णा गेले.

ऋताने स्वतः तो चित्रपट चष्म्यातून अजून पाहिलेला नव्हता. दिवसकार्य उरकल्यावर एकदा तिने चष्मा उचलला, पार डोळ्यांपर्यंत नेला. मग तसाच खाली ठेवला. रस्त्यात पोलीस दिसला की तिचाही हात पर्सकडे जायचा.