सर्जेरावांचा अबोला

नाकावाटे जोराने द्यायच्या ऊबदार ऑक्सिजनचा अभ्यास मी बारामतीत, आमच्या आयसीयूमध्ये करते. ऑपरेशननंतर दम लागलेल्या पेशंटला मास्कपेक्षा हे सोसतं. खाता येतं, बोलता येतं. धोका एवढाच की पेशंट निवांत दिसतो आणि घशात नळी घालायला उशीर होतो. अलीकडच्या संशोधनात सगळी डोकेफोड त्यावरच चाललीय.

निरवांगीचे सर्जेराव आतड्याच्या ऑपरेशननंतर या ऑक्सिजनच्या मशिनवर आले. बोलायचे भरपूर, पण नर्सशी. बायको, सारजाबाई, उशाशीच बसलेली असायची आणि हे म्हणायचे, "सिस्टर, हिला सांगा, डाळिंबाला पाणी सोड म्हणावं." लेकीच्या लग्नातल्या रुसव्याफुगव्यापासून त्यांनी बायकोशी अबोला धरला होता. घरी म्हणे असले निरोप म्हशीला सांगायचे. मला हसू आलं. बाईंना येत नव्हतं.

दुपारनंतर त्यांचा दम वाढला. नळी घालावी लागेल म्हटल्यावर बाईंनी माझा हात धरला.

"मग बोलत्याल कसं? वाईच थांबा की, म्याडम. एक डाव माझ्यासंगं बोलू द्या."

"बरे झाल्यावर बोलतील."

"आन् उठलंच न्हाईत तर?"

सर्जेरावांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. फार वाईट वाटलं मला. एक शब्द तर हवा होता.

मी झोपेचं औषध दिलं आणि नळी घातली. ती स्वरतंतूंच्या मधून जाते, त्यामुळे पेशंटला आवाज काढताच येत नाही. ऑक्सिजनचं मशिन मी स्वतः बंद करून कोपऱ्यात सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सारजाबाई त्या कोपऱ्यात बसलेल्या दिसल्या. मशिनची नाकातली नळी कानाशी धरून हसत होत्या.

"काय करताय?"

त्यांनी नळी माझ्यापुढे केली. मशिनचा प्लग काढलेला होता. तरी नळी ऊबदार लागली.

मी ती कानाला लावली.

"सारजे," सर्जेराव हळू आवाजात म्हणत होते, "माझंच चुकलं गं."

मी वळून पाहिलं. ते खाटेवर निपचित होते. व्हेंटिलेटर त्यांची छाती वरखाली करत होता.

बाईंनी नळी माझ्या हातून काढून घेतली. मी परत मागितली. त्यांनी ती पदराखाली घेतली.

सर्जेराव वाचले. घशातली नळी काढल्याबरोबर त्यांचे डोळे बायकोला शोधू लागले.

"सारजा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "सारजा, हिकडं बघ की."

नाकातली नळी कानाशी धरून बसलेल्या बाईंनी वर न बघताच हात केला.

"थांबा वाईच, पाव्हणं. ह्ये बोलत्यात."